पगार लपवायला दोन बँकांचे चेक. कसा ठरला डॉन हटसनचा भाव?

साल १९३५. अमेरिकेत महामंदीचा काळ. कारखान्यात आठवडाभर राबलेल्या मजुराच्या हातात जेमतेम २० डॉलर पडायचे आणि तेवढं काम मिळालं तरी माणूस स्वतःला नशीबवान समजायचा.

अशा काळात विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे नावाच्या एका छोट्या गावाने २२ वर्षांच्या एका पोराला एका मॅचचे ३०० डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे मजुराची १५ आठवड्यांची कमाई, एका दुपारच्या खेळासाठी.

हा आकडा टीममधल्या बाकीच्या खेळाडूंना कळला असता तर ड्रेसिंग रूममध्ये भांडणं लागली असती. म्हणून क्लबने एक शक्कल लढवली. दर मॅचनंतर त्या पोराला १५० डॉलरचे दोन चेक द्यायचे, तेही दोन वेगवेगळ्या बँकांचे. एका बँकेतल्या कारकुनाने गावात तोंड उघडलं तरी अर्धाच आकडा बाहेर पडेल, हा हिशोब. अमेरिकन फुटबॉलमध्ये ही गोष्ट आजही चवीने सांगितली जाते.

त्या पोराचं नाव डॉन हटसन.

आता फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेस्सी आणि रोनाल्डो येतात. पण हा फुटबॉल वेगळा. अंड्याच्या आकाराचा चेंडू, डोक्यावर हेल्मेट, अंगावर पॅड आणि हाताने फेकाफेकी. एक जण चेंडू फेकतो, तो क्वार्टरबॅक. दुसरा विरोधी खेळाडूंना गुंगारा देऊन धावतो आणि तो झेलतो, तो रिसीव्हर. झेललेला चेंडू घेऊन मैदानाच्या टोकाला पोहोचलं की टचडाऊन, म्हणजे ६ पॉइंट.

आज रिसीव्हर म्हणजे या खेळातला हिरो. १९३५ साली मात्र तसं नव्हतं. तेव्हाचा खेळ म्हणजे चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या गर्दीत घुसायचं. चेंडू लांब फेकणं हा शेवटचा उपाय समजला जायचा. मग झेलणाऱ्या माणसाला कुणी एवढे पैसे का द्यावेत?

यासाठी थोडं मागं जावं लागेल.

३१ जानेवारी १९१३ रोजी अर्कान्सा राज्यातल्या पाइन ब्लफ गावात डॉन हटसनचा जन्म झाला. लहानपणी तो स्काउटमध्ये होता आणि गड्याला साप पाळायचा नाद होता. अंगकाठी सडपातळ. फुटबॉलसारख्या धसमुसळ्या खेळात हे पोरगं टिकेल असं बघून कुणाला वाटलं नसतं. पण पायात वेग होता. १०० यार्ड तो १० सेकंदांच्या आत पळायचा.

तिथून तो अलाबामा विद्यापीठात गेला. त्याच टीममध्ये मैदानाच्या दुसऱ्या टोकाला अर्कान्साचाच आणखी एक पोरगा खेळायचा, बेअर ब्रायंट. पुढे जाऊन अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात नावाजलेला कोच झाला तोच हा ब्रायंट. पण त्या काळात तो हटसनच्या सावलीत होता.

१ जानेवारी १९३५ ला कॅलिफोर्नियात रोझ बोलची मॅच झाली. समोर स्टॅनफर्ड. हटसनने ६ चेंडू झेलले आणि २ टचडाऊन केले. अलाबामाने मॅच २९-१३ अशी मारली. चेंडू हवेत फेकूनसुद्धा मोठी मॅच जिंकता येते, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं.

याच सुमारास व्यावसायिक फुटबॉलची लीग, म्हणजे एनएफएल, आपले नियम बदलत होती. १९३३ पासून क्वार्टरबॅकला आपल्या रेषेमागून कुठूनही चेंडू फेकायची मुभा मिळाली. चेंडूचा घेरही कमी केला गेला, त्यामुळे तो हातात नीट बसायला लागला आणि लांब जायला लागला. थोडक्यात, हटसनला जे जमत होतं त्याची किंमत नियमांनीच वाढवून ठेवली होती. फक्त ती किती, हे कुणी मोजलं नव्हतं.

मोजायला दोन माणसं पुढं आली.

पहिले कर्ली लॅम्बो. ग्रीन बे पॅकर्स या टीमचे संस्थापक आणि कोच. १९१९ साली गावातल्या मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीकडून किटसाठी ५०० डॉलर घेऊन त्यांनी ही टीम उभी केली होती. म्हणून नाव पॅकर्स. पुढे हा क्लब गावकऱ्यांनी शेअर काढून चालवायला घेतला. म्हणजे मालक कुणी शेठजी नव्हता, गावच मालक होतं.

आणि १९३५ साली हे गाव कंगाल होतं. १९३१ मध्ये एक प्रेक्षक स्टँडवरून खाली पडला. त्याने क्लबवर दावा लावला आणि जिंकला. भरपाई द्यायची त्या विमा कंपनीचंच दिवाळं निघालं. क्लब कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात गेला. शेवटी गावकऱ्यांनी पुन्हा शेअर विकून १५ हजार डॉलर जमवले, तेव्हा कुठे १९३५ मध्ये टीम वाचली.

आता गणित बघा. अख्खं गाव मिळून १५ हजार जमवतं आणि कोच एका पोराला मॅचमागे ३०० द्यायला निघालाय. मोसमाच्या १२ मॅच धरल्या तर ३,६०० डॉलर. जमवलेल्या पैशांचा जवळपास चौथा हिस्सा.

लॅम्बो यांनी एवढी उडी का घेतली? कारण समोर दुसरा गिऱ्हाईक उभा होता.

तो म्हणजे ब्रुकलिन डॉजर्स ही न्यूयॉर्कची फुटबॉल टीम. तिचे जॉन केली हटसनच्या मागे लागले होते. सगळं जग त्यांना शिपरेक केली म्हणायचं. त्यांनी हटसनला सांगून ठेवलं होतं की दुसरा कुणी जो आकडा देईल तो मी देतो, फक्त सही करण्याआधी मला कळव. मग लॅम्बो यांचा आकडा चढत गेला. तो ३०० वर पोहोचला तेव्हा हटसनने केलींना गाठायचा प्रयत्न केला, पण ते कुठेतरी सुट्टीवर होते. हटसनने ग्रीन बेच्या कागदावर सही केली. तेवढ्यात केली प्रकट झाले आणि दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायला लागले. भिडस्त हटसनने त्यांच्याही कागदावर सही करून टाकली.

झालं. एक खेळाडू, दोन टीम, दोन करार.

भांडण लीगचे अध्यक्ष जो कार यांच्यापुढे गेलं. त्यांनी साधा निकाल लावला. ज्या पाकिटावर टपालाचा शिक्का आधीचा, तो करार खरा. पाकिटं तपासली. ग्रीन बेच्या पाकिटावर सकाळी ८:३० चा शिक्का होता, ब्रुकलिनच्या पाकिटावर ८:४७ चा.

अवघ्या १७ मिनिटांच्या फरकाने हटसन ग्रीन बेचा झाला.

पण या गोष्टीतली खरी मेख वेगळीच आहे. हटसनचे ३०० डॉलर त्याच्या पळण्याच्या वेगावरून ठरले नव्हते. तो किती चेंडू झेलेल याचा अंदाज तेव्हा लॅम्बो यांनाही नव्हता. आकडा ठरला तो केली दाराशी उभे होते म्हणून. गिऱ्हाईक दोन होते, म्हणून भाव चढला.

आणि नेमकं हेच लीगच्या मालकांना खुपत होतं.

फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची टीम तळाला असायची. चांगल्या खेळाडूंना पैसेवाल्या टीम ओढून न्यायच्या आणि तळातली टीम तळातच राहायची. मे १९३५ मध्ये, म्हणजे हटसनचा करार झाला त्याच वर्षी, बेल यांनी मालकांच्या बैठकीत एक योजना मांडली. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करायची. जी टीम सगळ्यात शेवटी आली तिने सगळ्यात आधी नाव उचलायचं. आणि एकदा नाव उचललं की त्या खेळाडूशी दुसऱ्या टीमने बोलायचंच नाही. हाच ड्राफ्ट. फेब्रुवारी १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला.

आयपीएलच्या लिलावात एका खेळाडूसाठी चार टीमच्या पाट्या वर जातात आणि आकडा चढत जातो. ड्राफ्ट याच्या बरोबर उलटा. इथं खेळाडूला गिऱ्हाईक एकच. पटलं तर खेळा, नाही तर घरी बसा.

पहिल्याच ड्राफ्टमध्ये हे दिसलं. सगळ्यात पहिलं नाव उचललं गेलं ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वेंजरचं. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. ईगल्सनी त्याचे हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकले. बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांना बर्वेंजरने मागितलेला आकडा परवडला नाही आणि दुसरीकडे जायची सोय नव्हती. ड्राफ्टमधला हा पहिला खेळाडू एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. त्याने दुसरं काम धरलं.

हटसन एक वर्ष उशिरा कॉलेजातून बाहेर पडला असता, तर त्याच्याही नशिबात हेच होतं. एकच टीम, एकच आकडा. ना केली, ना दोन चेक.

पण तो वेळेत आला होता. आणि आता ३०० डॉलर वसूल करून द्यायची वेळ होती.

२२ सप्टेंबर १९३५. पॅकर्सची त्या मोसमातली दुसरी मॅच, समोर कट्टर वैरी शिकागो बेअर्स. आपल्या पहिल्याच चालीत पॅकर्सच्या आर्नी हर्बरने लांबलचक चेंडू फेकला. हटसन विरोधकाला मागे टाकून त्याच्याखाली पोहोचला, झेलला आणि सुसाट सुटला. ८३ यार्डांचा टचडाऊन. मॅच ७-० अशी संपली. म्हणजे त्या एका चालीवर अख्खी मॅच निघाली.

तिथून पुढची ११ वर्षं बाकीच्या टीमना एकच प्रश्न पडला होता. या माणसाचं करायचं काय?

हटसनचा नुसता वेग नव्हता. तो पळता पळता अचानक थांबायचा, वळायचा, एकीकडे जातोय असं दाखवून दुसरीकडे सुटायचा. रिसीव्हरने ठरवून आखलेल्या वाटेने पळायचं, ही आज शाळेतल्या पोरांना शिकवली जाणारी गोष्ट. तिचा पाया घालणाऱ्यांत हटसनचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. लोक त्याला अलाबामाचं हरीण म्हणायला लागले.

विरोधी टीम त्याच्यावर दोन-दोन, कधी तीन-तीन खेळाडू लावायच्या. आता रिसीव्हरची किंमत ठरवताना ही बाब भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. एका माणसामागे तीन जण लागले, तर त्याचे दोन सहकारी मोकळे सुटतात. म्हणजे हटसनने चेंडूला हात न लावता सुद्धा टीमचा फायदा व्हायचा. हा फायदा कुठल्याच वहीत लिहिला जात नव्हता.

वहीत जे लिहिलं गेलं, तेच डोळे पांढरे करणारं आहे.

१९४२ साली हटसनने ७४ चेंडू झेलले. त्या वर्षी दुसऱ्या नंबरवर असलेल्या खेळाडूचे झेल होते २७. त्याच मोसमात त्याने झेललेल्या चेंडूंवर १,२११ यार्ड कापले आणि १७ टचडाऊन केले. १९४१ आणि १९४२ अशी सलग दोन वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ११ पैकी ८ मोसमांत सगळ्यात जास्त झेल त्याच्याच नावावर होते.

शिवाय तेव्हा एकच खेळाडू दोन्ही बाजूंनी खेळायचा. हटसन बचावातही उभा राहायचा आणि टचडाऊननंतरची किकही मारायचा. ७ ऑक्टोबर १९४५ ला डेट्रॉइट लायन्सविरुद्ध एकाच क्वार्टरमध्ये त्याने ४ टचडाऊन आणि ५ किक मिळून २९ पॉइंट काढले. तो विक्रम आजही कायम आहे.

टीमचं काय झालं? पॅकर्सनी १९३६, १९३९ आणि १९४४ साली लीग जिंकली. एकेकाळी कोर्टाच्या ताब्यात गेलेला गावचा क्लब देशातल्या मोठ्या शहरांना हरवत होता.

या चमकत्या आकड्यांच्या मागे दोन गोष्टी आहेत, त्याही सांगायला हव्यात. पहिली म्हणजे दुसरं महायुद्ध. १९४२ नंतर लीगमधले शेकडो खेळाडू सैन्यात गेले आणि बऱ्याच टीम खिळखिळ्या झाल्या. हटसनचे काही मोठे आकडे या काळातले आहेत. पण त्याने लीगवर पकड बसवली ती युद्धाच्या बरीच आधी.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, मालकांची आपसातली समजूत होती. ही बंदी उठली १९४६ साली, जेव्हा लॉस एंजेलिस रॅम्सनी केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतलं. म्हणजे हटसनची पूर्ण कारकीर्द या बंदीच्या काळातली. त्याला निदान दोन गिऱ्हाईक मिळाले. त्याच्याच वयाच्या कितीतरी गुणी पोरांना बाजाराच्या दारातही उभं केलं गेलं नाही. त्यांची किंमत कुणी शून्य ठरवली नव्हती, ती कुणी विचारलीच नव्हती.

इकडे हटसनच्या हातात भाव करण्यासाठी काय उरलं होतं? सही केल्यानंतर तोही एका क्लबला बांधला गेला होता. पॅकर्सनी सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नव्हतं. केली आता मध्ये येऊ शकत नव्हते. एकच पत्ता शिल्लक होता, खेळ सोडून देण्याचा.

आणि तो पत्ता त्याच्याकडे खरोखर होता. ग्रीन बेमध्ये त्याने बोलिंगचा व्यवसाय टाकला होता. फुटबॉलविना त्याचं पोट अडणार नव्हतं. शेवटच्या काही वर्षांत मोसम संपला की हटसन निवृत्ती जाहीर करायचा आणि पुढचा मोसम आला की पुन्हा मैदानात दिसायचा. लोक या गोष्टीवर हसायचे. त्याच्या मनात काहीही असो, जिथं दुसरा गिऱ्हाईक नसतो तिथं नाही म्हणता येणं हीच खेळाडूची खरी ताकद असते, आणि ती त्याच्याकडे होती.

१९४५ चा मोसम संपला आणि हटसनने खरोखरच बूट काढून ठेवले. नावावर ४८८ झेल, ७,९९१ यार्ड आणि झेलून केलेले ९९ टचडाऊन.

नशिबाचा खेळ बघा. १९४६ साली एनएफएलला टक्कर देणारी दुसरी लीग सुरू झाली. ड्राफ्टची भिंत एका लीगपुरती होती, तिला बाजूने वाट फुटली. पुन्हा दोन गिऱ्हाईक आले आणि पगार भराभर चढले. हटसनचं टायमिंग आयुष्यात दोनदा मोक्याचं ठरलं. पहिल्यांदा दार बंद होण्याआधी तो आत आला. दुसऱ्यांदा दार उघडायच्या आधी तो बाहेर पडला.

पण खेळाडूंची चांदी झाली तेव्हा ग्रीन बेची मात्र धूळधाण होत होती. वाढलेले पगार त्या छोट्या गावाला झेपेनात. १९४९ च्या अखेरीस क्लब बुडण्याच्या बेतात आला. नवी लीग बंद पडून तिच्या तीन टीम एनएफएलमध्ये आल्या, तेव्हा कुठे बोली थांबली. १९५० च्या सुरुवातीला लॅम्बो यांनी ३० वर्षांनंतर क्लब सोडला. गावकऱ्यांनी पुन्हा एकदा शेअर घेतले, या वेळी १ लाख १८ हजार डॉलरचे, आणि टीम तगली.

म्हणजे बोली लागली तर खेळाडू जगतो आणि छोटं गाव मरतं. बोली बंद केली तर गाव जगतं, पण खेळाडूच्या घामाचा भाव मालक ठरवतो. हा पेच हटसनच्या पाकिटापासून सुरू होता आणि तो सुटायला पुढची जवळपास ६० वर्षं गेली. कोर्टकज्जे आणि संप होऊन १९९३ साली खेळाडूंना करार संपल्यावर हव्या त्या टीमशी बोलायची मुभा मिळाली. त्याबदल्यात १९९४ पासून प्रत्येक टीमच्या एकूण पगारावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ही मर्यादा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. गिऱ्हाईक अनेक, पण प्रत्येकाच्या खिशात पैसे मोजून. ही तडजोड झाली म्हणून न्यूयॉर्क आणि ग्रीन बे आजही एकाच मैदानात उतरू शकतात.

हटसन पुढे विस्कॉन्सिनमधल्याच रेसीन शहरात गेला आणि तिथं मोटारींच्या विक्रीच्या धंद्यात त्याने जम बसवला. १९५१ साली पॅकर्सनी त्याचा १४ नंबर कायमचा बाजूला ठेवला. क्लबच्या इतिहासात असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. १९६३ मध्ये फुटबॉलचं हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्या १७ जणांत त्याचं नाव होतं. ९९ टचडाऊनचा त्याचा विक्रम मोडायला १९८९ साल उजाडावं लागलं. सिअॅटलच्या स्टीव्ह लार्जंटने तो मोडला, तब्बल ४४ वर्षांनी.

१९९४ मध्ये पॅकर्सनी सरावासाठी मोठं बंदिस्त मैदान बांधलं आणि त्याला डॉन हटसन सेंटर असं नाव दिलं. २६ जून १९९७ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्याचं निधन झालं.

२०२५ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सनी जमार चेस या रिसीव्हरशी ४ वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. वर्षाला ४ कोटींच्या वर. हा आकडा जाहीर झाला, बातम्यांत आला, त्यावर चर्चा झडल्या. तो कुणी लपवला नाही. उलट आता प्रत्येक नवा रिसीव्हर आधीच्याचा आकडा पुढे ठेवूनच बोलणी करतो. एकाचा पगार उघड झाला की तो दुसऱ्यासाठी मोजमाप होतो. १९३५ साली ग्रीन बेला भीती होती ती याचीच. त्या दोन चेकनी हटसनची कमाई झाकली, पण खरं तर त्यांनी शेजारी बसलेल्या बाकीच्या खेळाडूंना स्वतःची किंमत कळू दिली नाही.